सुट्टीतील मुक्काम आणि मुलांची सायकल

दिवाळीची सुट्टी लागली आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की गावोगावची कुटुंबे चार दिवस बाहेर काढण्याचा बेत करू लागतात. कोणी आप्तेष्टांकडे जातात, कोणी देवदर्शनास निघतात, तर अलीकडे काही कुटुंबे तंबू, शेगडी व अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊन मोकळ्या जागी एक-दोन रात्रींचा मुक्काम करू लागली आहेत. मुक्कामाची ही रीत आपल्याकडे मुळीच नवी नाही. यात्रेत पाल ठोकून राहणे, झाडाखाली बैलगाडी सोडून तीन दगडांची चूल मांडणे, हे वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबास पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. नवी आहे ती एवढीच गोष्ट, की आता या मुक्कामास मुलांची सायकलही बरोबर येऊ लागली आहे.

मुलाने सायकल बरोबर न्यावी काय, असे कोणा पालकाने शिक्षकास विचारले, तर त्याचे उत्तर ‘अवश्य न्यावी’ असेच असावयास हवे. मोटारीच्या खिडकीतून मुलास मुलूख दिसत नाही, तो नुसता मागे पळताना दिसतो. सायकलीवर बसलेल्या मुलास मातीचा रंग दिसतो, पाखरांचा आवाज ऐकू येतो आणि जमिनीचा चढउतार पायांस कळतो. भूगोलाच्या पुस्तकातील ‘पठार’ व ‘उतार’ हे शब्द अशा मुलास निराळे समजावून द्यावे लागत नाहीत. शिवाय स्वतःचे वाहन स्वतः सांभाळण्याची, ठरल्या वेळी परत येण्याची व धाकट्या भावंडास बरोबर घेऊन चालण्याची सवय त्यास लागते.

परंतु गावातील सायकल आणि मुक्कामावरील सायकल यांत मोठा फरक आहे. गावातील प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण व दारात बसणारे प्रत्येक कुत्रे मुलाच्या ओळखीचे असते. मुक्कामाच्या जागी यांतले काहीच ओळखीचे नसते. दुसरे असे की, तेथे वडीलधारी मंडळी स्वयंपाकात, गप्पांत व सामान लावण्यात गुंतलेली असतात. मुलाकडे दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष असेल, असे प्रत्येकास वाटते आणि म्हणून कोणाचेच लक्ष नसते. याकरिता सायकलीची सुरक्षितता ही मुक्कामावर पोहोचल्यानंतर ठरवावयाची बाब नव्हे. ती घरून निघण्यापूर्वी ठरली पाहिजे, आणि तिचा आरंभ शाळेत झाला पाहिजे.

लोणारची भूमी व वेगाचा धडा

आपल्या जिल्ह्यात अशा मुक्कामासाठी कुटुंबांचे पाय ज्या स्थळाकडे वळतात, त्यांत लोणार अग्रगण्य आहे. नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनास भाविक येतात. दैत्यसूदनाचे मंदिर, गोमुखाची धार व खाऱ्या पाण्याचे सरोवर पाहण्यास वर्षभर प्रवासी येत असतात. या स्थळास १९७९ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला, २००० साली परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२० साली सरोवराचा समावेश रामसर यादीतील पाणथळ स्थळांत झाला. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाल्याने लोणारचे नाव सर्वतोमुखी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे तपासणीअंती दिसून आले.

सायकलीच्या दृष्टीने या भूमीचे स्वरूप शिक्षकांनी नीट ध्यानी घ्यावे. काळ्या बेसाल्ट खडकातील हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १३५ ते १५० मीटर आहे. म्हणजे दिल्लीचे दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत इतकी. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. त्यामुळे काठाकडे जाताना लहानसा चढ लागतो आणि काठ ओलांडला की लगोलग आत तीव्र उतार सुरू होतो. सपाट माळावर सायकल चालविण्याची सवय असलेल्या मुलास ही गोष्ट दुरून कळत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे.

हे विवर कशामुळे झाले, हे सांगताना शिक्षकांस वेगाचा धडाही सहज शिकविता येईल. अवकाशातून आलेला एक पाषाण येथे आदळला. अशा उल्का सेकंदास ११ किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतात. विवराच्या मानाने तो पाषाण अगदीच लहान होता. एवढे मोठे विवर पडले ते त्याच्या वेगामुळे. विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. आघाताची शक्ती वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. उल्केला लागू असणारा हा नियम सायकलीलाही तंतोतंत लागू आहे.

इयत्ता सातवीच्या मुलांकडून पुढील उदाहरण करवून घ्यावे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदास ५ मीटर पुढे जाते. समोर वासरू आडवे आलेले डोळ्यांनी पाहिले, मनास उमगले व बोटांनी ब्रेक दाबला, यास एक सेकंद लागला असे धरले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच सायकल ५ मीटर पुढे गेलेली असेल. उतारावर तिचा वेग ताशी ३६ किलोमीटर झाला, तर त्याच सेकंदात ती १० मीटर जाईल. त्यापुढे ब्रेक लागल्यावर थांबण्यास जेवढे अंतर पहिल्या वेळी लागले, त्याच्या चौपट अंतर आता लागेल. वर्गाच्या भिंतीपासून ५ व १० मीटर अंतरे पावलांनी मोजून मैदानावर दाखविली, म्हणजे ‘हळू चालवा’ या दोन शब्दांचा अर्थ मुलांस डोळ्यांनी दिसेल. नुसत्या उपदेशापेक्षा हे मोजमाप अधिक काळ लक्षात राहते.

निघण्यापूर्वीची तपासणी

सायकलीची तपासणी निघण्याच्या दिवशी पहाटे न करता आठ दिवस आधी करावी. म्हणजे काही बिघाड निघाल्यास दुरुस्तीस अवधी मिळतो. बहुतेक गोष्टी मुलास स्वतः पाहता येतात.

पहिली गोष्ट सायकलीच्या मापाची. मूल मधल्या दांडीच्या दोहों बाजूंस पाय टाकून उभे राहिले असता दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडी व शरीर यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या मधल्या त्रिकोणातून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारीत आपल्याकडील कित्येक मुले सायकल शिकली आहेत. गावच्या मैदानात ते चालून गेले. परंतु अनोळखी उतारावर अशा सायकलीवरून मुलास झटकन उतरता येत नाही. मुक्कामास मोठी सायकल नेऊ नये. मापाची सायकल नसेल, तर मुलाने पायी हिंडावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक दाबून धरावा व सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये. पुढचा व मागचा असे दोन्ही ब्रेक निरनिराळे पाहावेत. ब्रेकचे रबर झिजून त्याची लोखंडी बैठक रिमला घासत असेल, तर ते रबर तत्काळ बदलावे. एका ब्रेकवर भागविण्याची जी सवय गावात असते, ती लोणारसारख्या चढउताराच्या जागी चालणार नाही.

तिसरी गोष्ट हँडलची. सायकलीसमोर उभे राहून पुढचे चाक गुडघ्यांत घट्ट धरावे व हँडल फिरवून पाहावे. चाक न फिरता नुसते हँडल फिरले, तर नट सैल आहे असे समजावे. चौथी गोष्ट चाकांची. सायकल उचलून चाक फिरवावे. ते डुलत असल्यास अथवा एखादी तार तुटली असल्यास दुकानदाराकडे न्यावे. टायर अंगठ्याने दाबून हवा पाहावी. शेवटी साखळीस तेल, घंटा, मागील लाल परावर्तक काच व पुढील पांढरा दिवा पाहावा. आपल्या भागात बांधावरच्या बाभळीचे काटे व रानातील सराटे हे ट्यूबचे मोठे वैरी होत. म्हणून पंप, पाना, पंक्चरचे साहित्य व कुलूप एका कापडी पिशवीत घालून बरोबर ठेवावे. शेतवाटेने आल्यावर टायरवरून नजर फिरविण्याची सवय मुलास लावावी.

डोक्याच्या संरक्षणासाठी सायकलस्वाराचे हलके हेल्मेट मिळते. ज्यांस शक्य आहे त्यांनी ते मुलास घ्यावे. ते कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटे यावे, मागे कलंडू नये व हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जाते. ज्या घरी हा खर्च झेपत नाही, त्या घरच्या मुलास कमी लेखू नये. मात्र त्याने रस्त्यावर सायकल न नेता मैदानातच फिरवावी, एवढे पालकांस समजावून सांगावे.

कपड्यांचाही विचार करावा. मुलींच्या ओढणीचे टोक व पायजम्याची सैल मोहरी साखळीत किंवा तारांत अडकते. ओढणी कमरेस बांधावी व मोहरी दोरीने आवळावी. पायात सैल चप्पल नसावी. डब्याची पिशवी हँडलला लोंबकळत ठेवू नये, ती पुढच्या चाकात जाते. ओझे मागील कॅरिअरवर बांधावे.

सायकल वाहून नेताना

मुक्कामाचे ठिकाण दूर असेल, तर सायकल जीप, टेम्पो किंवा मोटारीवर चढवून नेली जाते. टपावर नेताना ती निदान तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही चाके व मधली दांडी, अशी बांधावी. सैल असलेले सामान, पंप, टोपली व पाण्याची बाटली आधीच काढून घ्यावी. मोटारीच्या मागे सायकल अडकविली असेल, तर गाडीचा क्रमांक व मागील तांबडे दिवे झाकले जाता कामा नयेत. चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोरीच्या गाठी पुन्हा तपासाव्यात, कारण नवी दोरी हादऱ्याने ताणून सैल पडते. टेम्पोत सायकली आडव्या ठेवताना साखळीची बाजू वर करावी. उघड्या टेम्पोत सायकलींबरोबर मुलांस बसविण्याची रीत पूर्णपणे सोडून द्यावी; एका गचक्यासरशी सायकल मुलाच्या अंगावर येते.

मुक्कामाच्या जागी

तंबू कोठे लावावा, हा प्रश्न आधी सोडवावा. अभयारण्याच्या हद्दीत प्रवेश व वास्तव्य यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे नियम लागू आहेत. तेथे आग पेटविण्यास मनाई आहे. म्हणून गावच्या बाजूस, मालकाच्या अथवा संबंधित कार्यालयाच्या परवानगीने, रस्त्यापासून आत व काठापासून दूर अशी जागा निवडावी. जागा निवडताना पाणी व सावली जशी पाहतात, तशीच मुलांस सायकल फिरविण्यास सपाट पट्टी आहे की नाही, हेही पाहावे.

सामान उतरविण्यापूर्वी घरातील एका मोठ्या माणसाने मुलांस बरोबर घेऊन पायी एक फेरी मारावी. विहीर कोठे आहे, उतार कोठे सुरू होतो, वाहने कोणत्या बाजूने येतात, इतर कुटुंबांची लहान मुले कोठे खेळतात, हे सर्व दाखवावे. नंतर सायकलीची हद्द ठरवावी. ‘लांब जाऊ नको’ असे सांगून उपयोग नाही, कारण लांब म्हणजे किती, हे मूल आपल्या मनाने ठरविते. ‘या लिंबाच्या झाडापासून त्या हापशापर्यंत’ असे दिसणाऱ्या खुणांनी सांगावे.

तंबूंच्या मधून सायकलीवर बसून जाऊ नये, उतरून हाताने न्यावी. तंबूचे तणावे व जमिनीत ठोकलेल्या मेखा चाकाच्या उंचीच्या असतात व संध्याकाळी मुळीच दिसत नाहीत. तणाव्यांस पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या, तर सायकलस्वार व पायी चालणारे या दोघांचीही सोय होते. चुलीपासून व उकळत्या भांड्यांपासून सायकल दूर ठेवावी. रात्री सर्व सायकली एका जागी, उतारास आडव्या, कुलूप लावून ठेवाव्यात.

धाकट्या भावंडास डबलसीट बसवून फिरविणे मुलांस फार आवडते. याबाबत एक गोष्ट पालकांस निक्षून सांगावी. कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाचा पाय मागील चाकाच्या तारांत जाऊन टाच कापली जाण्याचे अपघात वारंवार घडतात. जखम खोल असते व भरण्यास फार दिवस लागतात. मुलाने मुलास डबलसीट नेऊच नये. मोठ्या माणसाने लहानास न्यावयाचे असेल, तर चाकाच्या दोन्ही बाजूंस जाळी व पाय ठेवण्यास खुंट्या असाव्यात.

वेळेचेही भान ठेवावे. डिसेंबरच्या मध्यास लोणार येथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात अंधार पडतो. हिवाळ्यात सायंकाळी पाच वाजता सायकली जागेवर आल्या पाहिजेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत वऱ्हाडातील ऊन ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा सकाळी नऊनंतर मुलांस सायकलीवर सोडू नये व पाणी नेहमी बरोबर द्यावे. पावसात काळी माती मडगार्ड व चाक यांच्यामध्ये गच्च बसते आणि ओल्या रिमवर ब्रेक धरत नाही. त्या दिवशी सायकल बंद ठेवावी.

रस्त्यावर जाताना

मुक्कामापासून गावात किंवा मंदिराकडे सायकलीने जावयाचे झाल्यास बरोबर मोठे माणूस असावेच. रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक, दोन सायकलींएवढे अंतर ठेवून जावे. दोन मोठी माणसे असतील तर एकाने पुढे व एकाने मागे राहावे. एकच असेल तर त्याने मागे राहावे व समजूतदार मोठ्या मुलास पुढे ठेवावे. पुढे गेलेल्या माणसास मागचे मूल पडलेले कळत नाही.

मागून हॉर्न ऐकू आला की मुले वळून पाहतात आणि नजरेबरोबर हँडलही रस्त्याच्या मध्याकडे वळते. ही सवय मोडावी. मागून एसटी, ट्रक किंवा कापसाने भरलेली ट्रॉली येत असेल व रस्ता अरुंद असेल, तर कडेस उतरून थांबावे व वाहन गेल्यावर निघावे. चालत्या ट्रॉलीस धरून सायकल ओढवून घेण्याचा खेळ गावोगावी दिसतो; ट्रॉली अचानक थांबली वा वळली, तर सायकलस्वार चाकाखाली जातो. हा खेळ कोणाही शिक्षकाने हसण्यावारी नेऊ नये.

जिल्ह्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या मार्गावर सायकल, दुचाकी व तीनचाकी यांस प्रवेश नाही. मेहकर व सिंदखेडराजा भागातील शाळांनी ही गोष्ट मुलांस आवर्जून सांगावी. महामार्गाखालून जाणाऱ्या वाटेत शिरताना उन्हातून सावलीत आल्यामुळे क्षणभर डोळ्यांस काही दिसत नाही; तेथे वेग कमी करून घंटा वाजवावी.

सायकल काठावर, प्रवास पायी

विवराच्या बाबतीत नियम एकच आहे, आणि त्यास अपवाद नाही. सायकल काठाच्या बाहेर कुलूप लावून ठेवावी व आत पायी उतरावे. आतील वाट पायऱ्यांची, सुट्या दगडांची व झाडीतून जाणारी आहे. तेथे सायकल चालविणे शक्य नाही, आणि हाताने नेलेली सायकलही उतारावर माणसास ओढून नेते. काठावरूनही चढाओढ लावू नये. १.८ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ५.६५ किलोमीटर भरतो, हे गणित वर्गात अवश्य करावे; परंतु एवढा फेरा सायकलीने घालता येईल असा समज होऊ देऊ नये, कारण काठावर सर्वत्र सलग रस्ता नाही.

पायी उतरण्यात मुलांचा लाभच आहे. आतील झाडीत मोर, वानरे व तऱ्हेतऱ्हेचे पक्षी दिसतात, जुनी मंदिरे लागतात, आणि खाली सरोवराचे पाणी पाहता येते. हे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. ते पिऊ नये व डोळ्यांत जाऊ देऊ नये. पाण्याच्या कमीअधिक पातळीप्रमाणे काठाची चिखलाट जागा बदलते, म्हणून वनविभागाच्या सूचना पाळाव्यात. वानरांस खाद्य देऊ नये. सायकलीच्या टोपलीतील खाऊसाठी ती अंगावर येतात. काठाबाहेर ठेवलेल्या सायकलींची चिंता वाटू नये म्हणून घरातील एका माणसाने आळीपाळीने वर थांबावे.

पडझड झाल्यास

सायकल म्हटली की खरचटणे आलेच. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. माती, चुना, तंबाखू किंवा चहाची पूड जखमेत भरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांस विचारावे. हात किंवा पाय वाकडा दिसत असेल तर तो ओढून सरळ न करता फळीच्या वा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने बांधावा.

डोक्यास मार लागल्यास मात्र थांबू नये. मूल क्षणभर बेशुद्ध झाले, त्यास उलटी झाली, झोप येऊ लागली, डोके फार दुखू लागले, ते असंबद्ध बोलू लागले किंवा नाका-कानातून रक्त अथवा पाणी आले, तर लगेच रुग्णालयात न्यावे. ‘झोपला म्हणजे बरे वाटेल’ हा समज घातक आहे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ या क्रमांकावर तातडीची मदत मिळते. हे दोन्ही क्रमांक मुलांस पाठ असावेत, आणि मुक्कामाच्या जागेचे नाव व जवळची खूण सांगता यावी.

मूल पडल्यावर पहिल्याप्रथम त्यास रागावू नये. रागाच्या भीतीने मुले पडल्याचे लपवितात, आणि डोक्याचा मार लपविला गेला तर अमूल्य वेळ वाया जातो. ‘पडलास तर आधी येऊन सांग, कोणी रागावणार नाही,’ असे घरून निघतानाच सांगून ठेवावे.

शाळेत करावयाचे काम

या सर्वांसाठी शिक्षकांस निराळा अभ्यासक्रम नको. सुट्टीपूर्वीच्या आठवड्यातील शारीरिक शिक्षणाच्या दोन तासिका पुरेशा आहेत. मैदानावर फक्कीने एक हात अंतर ठेवून दहा मीटर लांबीच्या दोन समांतर रेषा आखाव्यात व त्यांच्या मधून सायकल नेण्यास सांगावे. दुसऱ्या खेपेस मुलाने मागे पाहून, शिक्षकाने किती बोटे दाखविली ते सांगावे आणि तरीही रेषा सोडू नये. तिसऱ्या खेपेस एका हाताने वळण्याची खूण करावी. चौथ्या खेपेस आखलेल्या रेषेवर दोन्ही ब्रेक सावकाश दाबून थांबावे. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर सायकल उलटते, हे येथेच समजावे. शेवटी सावकाश सायकल चालविण्याची शर्यत घ्यावी. जो सर्वांच्या शेवटी व पाय न टेकता पोहोचेल तो पहिला. वेगापेक्षा तोल मोठा, हे या शर्यतीत मुले आपोआप शिकतात.

वर्गात सर्वांकडे सायकल नसते. दोन सायकली मिळाल्या तरी हा पाठ होतो. ज्यांच्याकडे सायकल नाही, त्यांनी पादचारी, वासरू, तंबू व ट्रॉली व्हावे आणि नंतर त्यांचीही पाळी यावी. उद्या एखाद्या मित्राची सायकल हाती येणारे मूल हेच असते, आणि मागून आणलेल्या सायकलीचे ब्रेक पाहण्याची सवय त्याच्यापाशीच नसते. म्हणून त्यास या पाठाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत किंवा पालकसभेत हा विषय दहा मिनिटे घ्यावा. पालकांस लांबलचक नियम सांगू नयेत. मूल सायकल काढील तेव्हा त्यास चार प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती करावी: कोणास सांगून चाललास? कोठपर्यंत जाणार? बरोबर कोण आहे? परत केव्हा येणार? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून सायकल हलू नये. हेच चार प्रश्न वर्गातील फळ्यावर सुट्टीच्या आदल्या दिवशी लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्यावेत, म्हणजे ते आपसूकच घरी पोहोचतील.

सुट्टी संपल्यावर मुलांकडून मुक्कामाच्या जागेचा हद्दीच्या खुणांसह नकाशा काढून घ्यावा आणि पाहिलेल्या गोष्टींवर दहा ओळी लिहून घ्याव्यात. कोणी पडले असेल, कोणाची ट्यूब काट्याने फुटली असेल, तर तेही मोकळेपणाने सांगू द्यावे व त्यातून पुढील वर्षाच्या पाठात काय घालावे ते टिपून ठेवावे. सर्व मुले हजेरीला उभी राहिली व प्रत्येकापाशी सांगण्यासारखे काही असले, म्हणजे सुट्टीपूर्वी दिलेल्या त्या दोन तासिका सत्कारणी लागल्या असे समजावे.